पाहुण्याची जागा

प्रिय विदाद,

हे पत्र कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या मुलाबरोबर पाठवते आहे. सुट्टी संपवून तो बर्लिनला परत निघालाय. त्याला बजावलंय, दाराच्या पेटीत टाकायचं नाही, तुझ्या हातात द्यायचं आणि तू पाकीट फोडेपर्यंत तिथून हलायचं नाही. तुझी खोड मला ठाऊक आहे. मी फोनवर नको तो विषय काढला की नेमकी तेव्हाच तुझ्याकडची लाइन बिघडते. ‘हॅलो, वस्फिया, काही ऐकू येत नाही गं!’ आणि लगेच, ‘जुमाना नीट जेवते ना?’ हे विचारताना सगळं कसं स्वच्छ ऐकू येतं. कागदाची लाइन तुटत नाही, म्हणून कागद घेतला. माझ्या अक्षराला हसू नकोस. निम्मी अक्षरं तूच गिरवून घेतली होतीस, उरलेली मी भाजी गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवरून उचलली. त्यामुळे ‘बेपत्ता’ आणि ‘वाटाघाटी’ हे शब्द मला लिहिता येतात, आणि ‘स्ट्रॉबेरी’ लिहायची वेळ आली की घाम फुटतो.

तर, तुझी नात जेवते. आली तेव्हा काडी होती नुसती. मी ताट वाढलं की ‘थोडंसंच, आत्याआजी’ म्हणायची, जणू मी तिला विष देतेय. आता सकाळी उठल्या उठल्या झातरचा मसाला लावलेल्या दोन भाकऱ्या खाते आणि वर ऑलिव्ह कुठंयत म्हणून डबे उघडते. तिचा ‘र’ घशात अडकतो, तो काही सुटत नाही. गल्लीतली पोरं तिला ‘मर्सिडीझ’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात वीज गेली की बावरून भिंतीकडे बघत बसायची. परवा मी बाजारातून येत होते, तर ही गॅलरीत वाकून जनरेटरवाल्याला ओरडत होती, ‘अरे, पैसे घेतोस की हवा विकतोस?’ र तोच, घशातला, पण शिवी आपली होती. मी पिशवी खाली ठेवून तिथेच हसत उभी राहिले. ती तुझ्या जुन्या खोलीत झोपते. दारामागचा खिळा अजून तिथेच आहे. त्यावर तिने आपली पिशवी अडकवली आहे. 

तिला तू आपला दबके नाच का शिकवला नाहीस, हे मी विचारणार नाही. तुझ्या रफीकने एकदा फोनवर सांगितलं होतं मला, की बर्लिनमध्ये आपल्या लोकांची लग्नं असली, नाचाची ओळ उभी राहिली, की आई बाहेर जाऊन थंडीत उभी राहते. बरं. पण पोरीने इथे पोचल्या पोचल्या पहिली गोष्ट काय विचारली असेल? ‘तू नाच शिकवतेस ना? मला घे.’

आता शिकवते म्हणजे काय, गुडघे गेले माझे. क्लबच्या गच्चीवर उन्हं उतरली की खुर्ची टाकून बसते, टाळ्या देते आणि शिव्या देते. मुलंमुली बरीच आहेत, वीसेक तरी. खालच्या मजल्यावरची बाई अधूनमधून छताला झाडूचा दांडा मारते आणि जिन्यातून ओरडते, ‘वस्फिया, माझ्या मसुरीत चुना पडतोय!’ आपले म्हातारे सांगायचे, तिकडे गावात घराच्या मातीच्या छपरावर सगळे मिळून नाचायचे ते छप्पर पक्कं व्हावं म्हणून. इथे आम्ही नाचून छप्पर खाली आणतो. पण एकदा सगळ्यांचे पाय एकदम आपटले ना, की गच्चीवरून आडव्यातिडव्या गेलेल्या विजेच्या तारासुद्धा थरथरतात. तेवढ्या वेळापुरती ही निर्वासितांची छावणी कुणाची मेहेरबानी वाटत नाही.

ओळीचा म्होरक्या उबैदा आहे. दिवसभर गॅसच्या टाक्या खांद्यावरून जिने चढवतो आणि संध्याकाळी त्याच खांद्यांनी ओळ ओढतो. मोठं गुणी पोर, पण परंपरेच्या बाबतीत मुल्लापेक्षा कडक. कुणी पाऊल जरा वेगळं टाकलं की संपलंच. ‘आमच्या कफ्र नवारमध्ये असं नव्हतं!’ कफ्र नवार, आपलं सुटलेलं गाव, त्याने पाहिलेलं नाही. त्याच्या बापाने पाहिलेलं नाही. मी नाही, तू नाही. माझी आई तिथून निघाली तेव्हा तिच्या हातात एक कोंबडी होती आणि पोटात माझा मोठा भाऊही नव्हता, तो इथे तंबूत झाला. तरी उबैदा म्हणतो तसं मान हलवून ऐकते मी. पोरांना उभं राहायला काहीतरी जमीन हवी ना.

आणि आता ते सांगते, जे फोनवर कधी सांगू दिलं नाहीस. आपल्या ओळीत एक जागा रिकामी असते. उबैदा, मग दोन जण, मग रिकामी जागा, मग उरलेली ओळ. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे हात सुटत नाहीत, ते एका रुमालाची दोन टोकं धरतात. मुलं त्या जागेला ‘पाहुणा’ म्हणतात. नव्या पोरांना उबैदा शिकवतो, की आमच्या गावात वाटसरूला मान होता, म्हणून लग्नाच्या ओळीत एका अनोळखी पाहुण्याची जागा राखून ठेवत. फार सुंदर सांगतो. मला स्वतःला एकदा ऐकताना खरं वाटलं होतं.

पाहुण्याशी पोरांची काय थट्टा चालते म्हणून सांगू! ‘अगं, पाहुण्याच्या पायावर पाय दिलास, माफी माग!’ ‘आज पाहुणा दमलाय, रुमाल जड लागतोय.’ एकदा उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या वाटल्या तर एक चिमुरडी एक बाटली गच्चीच्या मधोमध ठेवून आली. का, तर पाहुण्यालाही तहान लागली असेल. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन कणीक भिजवताना पीठ जरुरीपेक्षा जास्त घेतलं, असं वाटलं की एक माणूस वाढलंय जेवायला. उत्तरेकडच्या दोन छावण्यांतली मुलं आमचा कार्यक्रम बघून गेली, आता त्यांच्याही ओळीत रुमाल असतो म्हणे. म्हणजे तो आता तीन छावण्यांत नाही, विदाद. पूर्वी एकाच घरात नव्हता.

टाळ्या देताना मी त्या जागेकडे बघत नाही. रुमाल मधे सैल पडायला हवा, तो पडत नाही. दोन पोरं दोन्हीकडून ओढतात म्हणून ताठ राहतो, हे मला कळतं, मी खुळी नाही. पण ओळ वळते तेव्हा सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर हात धरून जातात, आणि रुमालाची सावली हाताच्या सावलीसारखीच दिसते. त्या वेळेला मी चपलेचा पट्टा बघते.

तो उन्हाळा आपण दोघींनी एकमेकींना कधी तोंडाने सांगितला नाही. आजही सगळा नाही सांगणार. सैनिकांनी छावणीतल्या सगळ्या पुरुषांना समुद्रकाठी उन्हात बसवलं होतं. आणि डोक्यावर पोतं चढवलेला, नुसती डोळ्यांची भोकं असलेला तो खबऱ्या ओळीपुढून चालत गेला, आणि बोट दाखवत गेला. आपण दोघी कुंपणाबाहेरच्या बायकांत होतो, तू रफीकच्या वेळचं पोट धरून. बोट झैदानपुढे थांबलं. माझा भाऊ उठला, पँटची वाळू झटकली, जसा काही कुणी त्याला चहाला बोलावलंय, आणि ट्रककडे गेला. वाळू झटकली हे मला का आठवतं कोण जाणे. पुढे काहीच नाही. तुरुंगातून सुटून आलेल्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. यादीत नाव नव्हतं. कबरही नव्हती.

आणि आईची कॉफी आठवते ना? गल्लीतले लोक तोंडं पाडून यायला लागले, भिंतीला टेकून बसायला लागले. सुतकाच्या घरात कडू कॉफी देतात, ती प्यायला आल्यासारखे. आईने काय केलं? पातेल्यात साखरेचा डबा उपडा केला. इतकी गोड, की चमचा उभा राहील. आणि पेले पुढे करून म्हणाली, ‘तोंडं कसली वाकडी करता? कोण मेलंय इथे? घ्या, साखर कमी वाटली तर सांगा.’ एकेक जण घोट घेऊन उठून गेला. पुन्हा कुणी बसायला आलं नाही. त्या दिवसापासून या घरात कडू कॉफी झालेली नाही. आई गेली तेव्हासुद्धा मी गोडच केली, लोक काय म्हणायचे ते म्हणाले.

पुढच्या वर्षी चुलतभावाचं लग्न आलं. तू म्हणालीस, मी येत नाही. मीही पाय आखडले. तर आई दारात आडवी उभी. ‘नाचायला नाही गेलात तर गाव म्हणेल, सुतकात आहेत. उठा दोघी. मुकाट्याने जायचं आणि पाय आपटून नाचायचं.’ रडायची बंदी ऐकली होती, नाचायची सक्ती मी पहिल्यांदा पाहिली. ओळ उभी राहिली. आपल्या लग्नांत तो नेहमी आपल्या दोघींच्या मधे असायचा. एका हातात बायको, दुसऱ्या हातात बहीण, आणि म्हणायचा, ‘दोन्हीकडून चिमटे काढतात, कैदी आहे मी.’ त्या दिवशी आपण सवयीने तेवढं अंतर सोडून उभ्या राहिलो. नवऱ्याकडचा कुणी भोळा पोरगा हसत हसत त्या जागेत शिरला. तू त्याला कोपर मारलंस आणि म्हणालीस, ‘इथे माणूस उभा आहे.’ केवढ्याने म्हणालीस! पावा वाजवणाऱ्याचा श्वास चुकला. मग तू ओढणीतून त्याचा रुमाल काढलास, निळ्या काठाचा, त्या सकाळी दारामागच्या खिळ्यावर राहून गेलेला. एक टोक तू धरलंस, एक मला दिलंस. आपण नाचलो. सगळं लग्न आपल्याकडे बघत होतं आणि आपण पाय आपटत होतो.

बस. एवढीच आहे ती परंपरा. पुढच्या लग्नात तसंच केलं, त्याच्या पुढच्या लग्नातही. तू रफीकला घेऊन जर्मनीला गेलीस तेव्हा रुमाल घेऊन गेलीस. मी दुसरा घेतला, आणि तुझ्या बाजूला शेजारच्या मुलीला उभं केलं. मग नवी पोरं आली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ‘वस्फिया खाला करते म्हणजे गावचंच असणार,’ असं ती समजली, आणि समजता समजता त्यांनी त्याला गाव दिलं, वाटसरू दिला, पाण्याची बाटली दिली.

आता जुमानाचं सांगते. पहिल्या दिवशी ती गच्चीवर आली तेव्हा ओळ सुरू होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने पाहिलं, ओळीत एक जागा मोकळी आहे. ती सरळ गेली, दोन्हीकडचे हात पकडले आणि पाय टाकायला लागली. रुमाल खाली पडला. पावा थांबला. उबैदाने मागे वळून डोक्याला हात लावला, ‘अगं मर्सिडीझ, पाहुण्याच्या जागेत कुठं घुसलीस!’ माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, विदाद. तुझंच वाक्य, त्याच आवाजात. ते दातांपर्यंत येऊन थांबलं. कारण पोरगी गोंधळून इकडेतिकडे बघत म्हणाली, ‘पण मी पाहुणीच आहे ना?’ पोरं खो खो हसली. तिने हात सोडले नाहीत. कुणीतरी टाळी दिली, ओळ पुन्हा चालू झाली. आणि मी पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या जागेकडे सरळ बघितलं. तिथे कोणीतरी होतं. घामाघूम, चुकीची पावलं टाकणारं, जिभेचं टोक दातात धरलेलं. भिंतीवर हातांच्या सावल्या सलग होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला अशी भीती वाटली, की कुणीतरी घरातून शेवटची खुर्ची उचलून नेतंय.

त्या दिवसापासून गच्चीवर दोन तट पडले आहेत. महिनाअखेरीला सैदा शहरातल्या सभागृहात सगळ्या छावण्यांचे संघ नाचणार आहेत, प्रत्येकाने आपल्या गावची चाल दाखवायची. मुली म्हणतात, जुमाना तिथेच राहू दे, छान दिसते, पाहुणी खरंच लांबून आलीय. उबैदा म्हणतो, ‘छान दिसतं म्हणून परंपरा मोडायची? उद्या म्हणाल सर्कस करू.’ काल तो टाकी पोचवायच्या निमित्ताने घरी आला. टाकी जोडली, साबणाचं पाणी लावून गळती बघितली, आणि मग उंबऱ्यातच बसला. ‘खाला, तुम्ही सांगाल ते शेवटचं. गावात पाहुण्याची जागा कधी भरत होते का? कुणी भरायचं? नियम काय?’ केवढा गंभीर चेहरा! मी त्याला कॉफी दिली. तो घोट घेऊन म्हणाला, ‘खाला, तुमच्या घरची कॉफी म्हणजे सरबत असतं.’ मी म्हटलं, ‘पी मुकाट्याने. नियम मला एकटीला ठाऊक नाही. आणखी एका बाईला विचारावं लागेल.’ त्याने विचारलं, ‘गावची आहे का ती?’ मी म्हटलं, ‘हो, त्याच जागेची.’

जुमानाला आजोबांचं नाव ठाऊक आहे. युद्धात गेले एवढंच ती म्हणते. ‘गेले’ हा शब्द तू वापरलास की तिने आपला आपण धरला, मला माहीत नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही, कारण ते माझं नाही. भाऊ माझा होता, पण ती जागा तू राखलीस. कोपर तुझं होतं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. जुमानाने पहिल्या दिवशी बॅग उघडली. चॉकलेटं निघाली, गुडघ्याचं मलम निघालं, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली एक पुडी. ‘आजीने तुला दिलंय, काय आहे ते मला नाही सांगितलं.’ मी ती स्वयंपाकघरात जाऊन उघडली. त्याचा रुमाल. तू त्याला कधी पाणी लावू दिलं नव्हतंस. आईने एकदा तुझ्या नकळत धुवायच्या कपड्यांत टाकला, तर तू बादलीतून ओढून काढलास आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस. त्यात त्याचा घाम होता. आणि आता तो धुतलेला आहे, विदाद. इस्त्री केलेला, चार घड्या घातलेला, तिकडच्या कुठल्या तरी साबणाचा वास येणारा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी तो साखरेच्या डब्यामागे ठेवला आहे आणि रोज उघडून बघते, तू त्यात काय लिहिलं आहेस. ओळीत धरायला पाठवलास की घडी करून ठेवायला? मला वाटतं, मला कळलंय. पण दोघींनी धरलेली गोष्ट एकटीने खाली ठेवता येत नाही, मी माझं टोक एकटीने कसं सोडू? तेव्हा मला उत्तर लिहू नकोस. जुमानाला फोन कर, लाइन बिघडू देऊ नकोस, आणि ती कुणाच्या जागेवर उभी आहे ते तिला सांग. तो वाळू झटकून उठला, तेही सांग. नाही सांगितलंस तरी मी रागावणार नाही, सैदाला रुमाल धरून ओळ नाचेल, आणि उबैदा खूश होईल. पण सांगितलंस तर पोरगी जिना उतरून माझ्याकडे येईल, आणि तिचं तोंड बघून मला कळेल. त्या दिवशी मी शेगडीवर पातेलं ठेवीन, साखरेचा डबा उघडणार नाही, दार उघडं टाकीन, आणि गल्लीला कळू देईन. पहिला पेला तुझ्या नावाचा ओतून ठेवीन. तू तिकडे तुझा कडू करून घे.

तुझीच, रुमालाच्या या टोकाची,
वस्फिया